लोखंडाचा आवाज: जुन्या धाटणीचे स्वस्त प्रीअँप आणि त्यांतले फेरफार

घरच्या घरी आवाज ध्वनिमुद्रित करणारे मराठी लोक गेल्या काही वर्षांत बरेच वाढले. कुणी पॉडकास्ट करतं, कुणी ऑडिओबुक वाचतं, कुणी अभंग गाऊन यूट्यूबवर टाकतं. माइक आला, माइकचा आवाज संगणकात पोचवणारा ऑडिओ इंटरफेस आला, काम सुरू झालं, की लवकरच एक जाहिरात समोर येते. प्रीअँपची निळसर-करडी पेटी, मोठं लाल बटण, आणि दावा असा की १९७० च्या दशकातल्या लंडनच्या स्टुडिओंचा आवाज आता तुमच्या टेबलावर. तिच्याच खाली दुसरा व्हिडिओ असतो: ही पेटी उघडा, चार सुटे भाग बदला आणि तिला दहापट महाग यंत्रांच्या पंगतीला बसवा.

दोन्ही दाव्यांत तथ्य आहे आणि दोन्ही फुगवलेलेही आहेत. तथ्य किती आणि फुगवटा किती, हे कळायला पेटीच्या आत डोकवावं लागतं. इंजिनीअर असायची गरज नाही. दहावीच्या विज्ञानातलं व्होल्ट आणि ओहम एवढं आठवत असलं तरी पुरे.

## प्रीअँप करतो काय?

माइकमधून निघणारी वीज फार क्षीण असते. कीर्तनापासून ऑर्केस्ट्रापर्यंत सगळीकडे दिसणारा शुअरचा एसएम ५८ घ्या. तोंडाजवळ धरून चांगल्या खुल्या आवाजात बोललं, तर त्यातून साधारण २ मिलिव्होल्ट मिळतात. वीतभर अंतरावरून नेहमीसारखं बोललं, तर त्याच्याही दहावा हिस्सा. उलट स्टुडिओतली यंत्रं एकमेकांशी बोलतात ती १.२३ व्होल्टच्या आसपासच्या पातळीवर. या पातळीला लाइन लेव्हल म्हणतात. म्हणजे माइकची वीज काहीशे ते काही हजार पट वाढवावी लागते. हे वाढवण्याचं काम प्रीअँपचं.

ही वाढ डेसिबलमध्ये मोजतात. दर २० डेसिबलला व्होल्ट दहापट होतात, म्हणून ६० डेसिबल म्हणजे हजारपट. यापुढे डेसिबल आला की एवढंच लक्षात ठेवा.

तुमच्या इंटरफेसमध्येही प्रीअँप असतोच. माइकची वायर जिथे खुपसता, त्याच्या मागे तो बसलेला असतो. वेगळी पेटी घेणं म्हणजे त्याला बाजूला सारून दुसऱ्याकडून तेच काम करून घेणं.

## मग स्वस्त आणि महाग यांत फरक कसला?

बहुतेकांना वाटतं, महाग प्रीअँप स्वच्छ असतो आणि स्वस्तात खरखर असते. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी हे बऱ्याच अंशी खरं होतं. आज नाही.

माइकच्या आतली तांब्याची तार स्वतःच थोडी खरखर करते. खोलीच्या उष्णतेने धातूतले इलेक्ट्रॉन अस्वस्थ हलत असतात आणि त्या हालचालीचीही वीज बनते. १५० ओहमच्या माइकसाठी ही खरखर लाइन लेव्हलच्या मोजपट्टीवर सुमारे उणे १३१ डेसिबल येते. ती निसर्गाने घालून दिलेली मर्यादा आहे आणि लाखभर रुपये मोजूनही कुणी तिच्याखाली जाऊ शकत नाही. आता बाजारातल्या साध्या, पण बऱ्या इंटरफेसचं माहितीपत्रक पाहा. तिथे उणे १२८ च्या आसपासचा आकडा सापडतो. म्हणजे जगातला सर्वोत्तम प्रीअँप आणला, तरी खरखरीत मिळवायचे उरतात ते जेमतेम ३ डेसिबल.

स्वच्छतेची शर्यत अशी संपलेली आहे, आणि ती स्वस्त चिपने जिंकली. जुन्या धाटणीच्या पेट्या स्वच्छता विकतच नाहीत. त्या एक ठरावीक प्रकारचा मळ विकतात. तो मळ कानाला गोड लागतो, एवढंच त्याचं भांडवल. विकणाऱ्यांनी हे सरळ सांगितलं असतं, तर बराच गोंधळ टळला असता.

## १०७३ नावाचं भूत

जाहिरातीत ‘७३’ हा आकडा वारंवार दिसतो. त्याचं मूळ नीव्ह १०७३ या मॉड्यूलमध्ये आहे. इंग्लंडचे रुपर्ट नीव्ह (१९२६–२०२१) यांच्या कंपनीने ते १९७० मध्ये लंडनच्या वेसेक्स स्टुडिओसाठी बांधलेल्या कन्सोलमध्ये, म्हणजे आवाज मिसळण्याच्या मोठ्या टेबलात, बसवलं. एकाच उभ्या पट्टीत माइक प्रीअँप आणि सूर उजळ-गडद करणारा इक्वलायझर. पुढची अनेक वर्षं रॉक आणि पॉपच्या असंख्य ध्वनिमुद्रिका या आणि त्याच्या भावंडांतून गेल्या. आज जुनं, अस्सल मॉड्यूल हवं असेल तर एका नगाला काही लाख रुपये मोजावे लागतात.

आतलं सर्किट पाहिलं की आश्चर्य वाटतं, कारण ते अगदी साधं आहे. २४ व्होल्टचा पुरवठा, मूठभर ट्रान्झिस्टर, आत येताना एक ट्रान्सफॉर्मर आणि बाहेर जाताना दुसरा. शेवटची ताकद द्यायला वापरलेला २एन३०५५ हा ट्रान्झिस्टर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या कुठल्याही दुकानदाराला पाठ असतो. आपल्याकडच्या घरगुती अँप्लिफायरमध्ये आणि बॅटरी चार्जरमध्ये तो पिढ्यान्‌पिढ्या वापरला गेला आहे. हे सर्किट ‘क्लास ए’ पद्धतीने चालतं. म्हणजे आवाज असो वा नसो, शेवटच्या ट्रान्झिस्टरमधून वीज अखंड वाहत राहते. तो कधी बंदच होत नाही, म्हणून पेटी गरम होते.

सर्किटचा आराखडा जगजाहीर, ट्रान्झिस्टर स्वस्त. मग नक्कल व्हायला वेळ लागतो कशाला? गोल्डन एज प्रोजेक्ट या स्वीडनच्या कंपनीने चीनमध्ये बनवून घेतलेला प्री-७३ हा अशा नकलांतला गाजलेला. तो आला तेव्हा किंमत तीन-साडेतीनशे डॉलरच्या घरात होती. नंतर अमेरिकेतल्या वॉर्म ऑडिओसारख्या कंपन्याही याच वाटेने आल्या. ‘चिनी माल म्हणजे टाकाऊ’ असं म्हणून यांना उडवून लावणं सोपं आहे, पण सर्किटला देश नसतो. तोच रेझिस्टर, तोच ट्रान्झिस्टर, तीच मांडणी असेल तर वीज तशीच वागते. पैसे वाचवले जातात ते दुसरीकडे: ट्रान्सफॉर्मर, चाचणी आणि माणसाच्या हातांचं काम. फेरफारांची सगळी चर्चा या वाचवलेल्या पैशांभोवती फिरते.

## लोखंड आवाजाचं काय करतं?

ट्रान्सफॉर्मर म्हणजे लोखंडी मिश्रधातूच्या गाभ्याभोवती गुंडाळलेल्या दोन तारा. एकीतली वीज गाभ्यात चुंबकत्व निर्माण करते आणि ते चुंबकत्व दुसऱ्या तारेत पुन्हा वीज उपजवतं. दोन्ही तारांचा एकमेकींना स्पर्श नसतो, म्हणून वाटेतली गुरगुर अडते. शिवाय दुसरीकडे वेढे जास्त घेतले की व्होल्ट फुकटात वाढतात.

चुंबकत्व सामावून घेण्याची गाभ्याची क्षमता मात्र मर्यादित असते. पावसाचं पाणी जमिनीत मुरतं तसं हे आहे. सर आली आणि गेली, तर जमीन सगळं पाणी पिऊन टाकते. पण तेवढ्याच जोराचा पाऊस बराच वेळ लागून राहिला, की जमीन तुडुंब होते आणि पुढचं पाणी वरून वाहून जातं. उंच स्वर म्हणजे छोटी सर. ५००० हर्ट्झच्या स्वरात वीज एका दिशेला ढकलली जाते ती फक्त सेकंदाच्या दहा हजाराव्या भागापुरती. ५० हर्ट्झच्या खर्जात हाच काळ शंभरपट, म्हणून खर्ज गाभ्याला आधी तुडुंब करतो. या अवस्थेला सॅच्युरेशन म्हणतात.

तुडुंब व्हायला लागलेला गाभा लाटेची टोकं एकदम कापत नाही, हळूहळू बोथट करतो. बोथट लाटेत मूळ सुराचे पटीतले सूर मिसळलेले असतात. तिसऱ्या पटीचा सूर म्हणजे सा गायला तर वरच्या सप्तकातला पंचम. याशिवाय क्लास ए च्या एकतर्फी ट्रान्झिस्टरमुळे लाटेच्या वरच्या आणि खालच्या भागात थोडी असमानता येते. ती दुसऱ्या पटीचा सूर, म्हणजे तार षड्ज, मिसळते. तंबोऱ्याच्या जवारीवर वाढलेल्या कानाला षड्जाबरोबर पंचम आणि तार षड्ज ऐकू आला तर ते खटकणार कसं? उलट आवाज भरीव वाटतो. जाहिरातीतली ‘ऊब’ ती हीच.

यातून एक व्यवहारी गोष्ट निघते. पेटी नुसती मध्ये लावली आणि बटणं मध्यावर ठेवली, तर गाभा तहानलेलाच राहतो आणि मळ जवळपास लागत नाही. तो हवा असेल तर आतली वाढ जास्त ठेवायची आणि बाहेर जाणारी पातळी शेवटच्या बटणाने उतरवायची. प्री-७३ वर यासाठी आउटपुटचं वेगळं बटण दिलेलं आहे. ‘पेटी आणली, पण काही फरकच नाही’ अशी तक्रार करणाऱ्या बऱ्याच जणांनी ते बटण पूर्ण उघडं ठेवलेलं असतं.

## पेटी उघडण्याआधी

स्क्रू-ड्रायव्हर हातात घेण्यापूर्वी काही गोष्टी तपासाव्यात. यांतल्या बहुतेक फुकट आहेत, आणि माझ्या मते बहुतांश लोकांचं काम इथेच होतं.

पहिली गोष्ट जोडणीची. प्रीअँपमधून निघालेला आवाज इंटरफेसच्या माइक इनपुटला देऊ नका. तसं केलं तर तो पुन्हा इंटरफेसच्या स्वतःच्या प्रीअँपमधून जातो. अनेक इंटरफेसवर एकाच भोकात दोन्ही पिना बसतात: तीन काड्यांची एक्सएलआर लावली की माइक, आणि जाड टीआरएस जॅक लावला की लाइन. म्हणून एका टोकाला एक्सएलआर आणि दुसऱ्या टोकाला टीआरएस असलेली केबल करून घ्या. लॅमिंग्टन रोडवर समोर बसून बनवून देतात.

दुसरी गोष्ट अंतराची. माइक ३० सेंटिमीटरवरून १५ वर आणला की आवाज ६ डेसिबलने वाढतो आणि पंखा, रस्ता, भिंतींवरून परतणारा घुमारा आहे तिथेच राहतो. बाजारातला कुठलाही प्रीअँप हे ६ डेसिबल देऊ शकत नाही, कारण मिळवण्यासारखे ३ च उरलेत, हे वर आलंच आहे.

तिसरी गोष्ट गुरगुरीची. गुळगुळीत, खोल ‘हंऽऽ’ ऐकू येत असेल तर ती ५० हर्ट्झची, आणि बहुतेकदा अर्थिंगच्या घोळातून येते. जुन्या इमारतींत तीन पिनांच्या सॉकेटला तिसरी तार जोडलेलीच नसते. तिथे इलेक्ट्रिशियन हवा, सोल्डरिंग नको. गुरगुर जरा कर्कश, भुंग्यासारखी असेल तर ती १०० हर्ट्झची, आणि संशय पेटीच्या वीजपुरवठ्यातल्या थकलेल्या भागांवर घ्यावा.

चौथी गोष्ट फारशी कुणाला ठाऊक नसते आणि मला ती सगळ्यांत आवडते. १०७३ चा बाहेरचा ट्रान्सफॉर्मर ६०० ओहमचा भार गृहीत धरून बनवलेला आहे, कारण त्या काळची यंत्रं तेवढा भार द्यायची. आजचा इंटरफेस १०,००० ओहम किंवा त्याहून जास्त दाखवतो, म्हणजे भार जवळपास नाहीच. अशा वेळी ट्रान्सफॉर्मर वरच्या सुरांत थोडा सैल सुटतो आणि आवाज टोचरा लागतो. केबलच्या टोकाशी, एक्सएलआर प्लगच्या आत, पिन दोन आणि तीनमध्ये ६२० ओहमचा एक रेझिस्टर जोडला की भार पुरा होतो. या फेरफाराची किंमत दोन-पाच रुपये. पेटी उघडावी लागत नाही आणि आवडलं नाही तर दुसरी केबल लावायची. व्हिडिओ करणाऱ्यांना मात्र यात दाखवण्यासारखं काही नसतं.

## कंडेन्सर बदलून फरक पडतो का?

कपॅसिटर, म्हणजे आपल्या मेकॅनिक लोकांचा कंडेन्सर, हा फेरफार करणाऱ्यांचा लाडका बळी. प्रीअँपमध्ये तो दोन ठिकाणी असतो. वीजपुरवठ्यात तो व्होल्ट स्थिर ठेवतो. आवाजाच्या वाटेवर तो एका टप्प्याची स्थिर वीज पुढच्या टप्प्यात जाऊ देत नाही, फक्त हलणारी वीज सोडतो.

वाटेवरचा कंडेन्सर खालचे सूर थोडे अडवतो. कुठपासून अडवतो, हे घरबसल्या काढता येतं. कंडेन्सर मायक्रोफॅरडमध्ये आणि त्याच्या पुढचा भार ओहममध्ये घ्या, दोन्हींचा गुणाकार करा आणि १,५९,००० ला त्याने भागा. येईल तो आकडा हर्ट्झमध्ये. समजा १० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर १०,००० ओहमच्या पुढ्यात आहे. उत्तर १.६ हर्ट्झ. माणसाचा कान २० च्या खाली ऐकत नाही. तिथे १० च्या जागी १०० चा कंडेन्सर टाकून ‘बास किती उघडला!’ म्हणणारा माणूस स्वतःच्या खर्चाचं कौतुक करत असतो. पण तोच १० चा कंडेन्सर ६०० ओहमच्या पुढ्यात असेल तर उत्तर येतं २६.५ हर्ट्झ. आता तो खर्जाच्या उंबरठ्यावर उभा आहे, डग्ग्याच्या घुमाऱ्याचा तळ तिथून थोडा घासला जातो. इथे तो ४७ किंवा १०० केला तर ते सकारण आहे.

एवढ्या एका भागाकाराने इंटरनेटवरच्या निम्म्या फेरफारांचा निकाल लागतो.

राहिला प्रश्न जातीचा: टँटलम की इलेक्ट्रोलिटिक की फिल्म. मूल्य योग्य असेल आणि भाग चांगल्या स्थितीत असेल, तर आवाजाच्या वाटेवरच्या कंडेन्सरवर व्होल्ट इतके कमी पडतात की जातीचा फरक मोजणंही अवघड जातं. जुनेपणाचा प्रश्न मात्र खरा आहे. इलेक्ट्रोलिटिकच्या आतला द्रव सुकत जातो आणि तापमान दर १० अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य साधारण निम्मं होतं. क्लास ए ची गरम पेटी, तीही विदर्भातल्या मे महिन्यात बिनपंख्याच्या कपाटात ठेवलेली, म्हणजे कंडेन्सरचं लवकरच उतारवय. सेकंडहँड पेटी घेतली असेल तर वीजपुरवठ्यातले कंडेन्सर १०५ अंशांच्या दर्जाचे टाकून घ्या. हा फेरफार नव्हे, निगा आहे. पण त्याचा उपयोग होतो.

## ट्रान्सफॉर्मर: खरा खर्च, खरा फरक

जो भाग ध्वनी सर्वांत जास्त रंगवतो, तोच बदलला तर रंग बदलेल, हे ओघानेच आलं. मूळ १०७३ मध्ये मारिनएअरचे ट्रान्सफॉर्मर होते. त्याच धाटणीचे आज इंग्लंडची कार्नहिल बनवते आणि प्री-७३ च्या मालकांत ते बसवून घेणं हा सर्वांत प्रसिद्ध फेरफार.

महाग का? आत येणाऱ्या ट्रान्सफॉर्मरला अतिशय क्षीण वीज हाताळायची असते, म्हणून त्याच्या गाभ्याला निकेलचं जास्त प्रमाण असलेला मिश्रधातू लागतो आणि बाहेरून चुंबकीय कवच लागतं. बाहेरच्या ट्रान्सफॉर्मरची अडचण वेगळी आहे. क्लास ए मुळे त्याच्या तारेतून सतत स्थिर वीज वाहते, म्हणजे पावसाच्या आधीच जमीन अर्धी भिजलेली. म्हणून त्याच्या गाभ्यात मुद्दाम बारीकशी फट ठेवतात. फटीमुळे गाभा स्थिर विजेने भरून जात नाही, पण मग तेवढंच काम करायला गाभा मोठा आणि तार जास्त लागते. फट नसलेला कुठलाही ‘चांगल्या कंपनीचा’ ट्रान्सफॉर्मर तिथे बसवला, तर आवाज सुधारण्याऐवजी बिघडतो. हे लिहिण्याचं कारण असं, की दुकानदार हमखास विचारतो, ‘वन इज टू टू द्यायचा का?’, म्हणजे वेढ्यांचं प्रमाण एकास दोन. फटीचं तो विचारत नाही.

बदलल्यावर काय ऐकू येतं? खर्ज जास्त वजन पेलतो, बोथटपणा उशिरा आणि हळुवार येतो, वरचे सूर मोकळे वाटतात. हा फरक मोजता येतो आणि गिटार, ढोलकी, खड्या आवाजातला पोवाडा अशा दणकट गोष्टींत कानालाही कळतो. शांतपणे वाचलेल्या ऑडिओबुकात कळेलच असं नाही, कारण तिथे गाभा तुडुंब होण्याची वेळच येत नाही.

हिशेब मात्र आधी करा. आत-बाहेरचा संच, टपाल, आयात शुल्क हे सगळं मिळून खर्च पेटीच्या किमतीच्या मोठ्या हिश्शाएवढा होतो. गोल्डन एज स्वतःच कार्नहिलचे ट्रान्सफॉर्मर बसवलेली ‘प्रीमियर’ आवृत्ती विकते. हाताने काही करण्याची हौस नसेल तर तीच घेणं शहाणपणाचं, वॉरंटीही शाबूत राहते.

## चिप आणि व्हॉल्व्ह

प्रत्येक स्वस्त पेटीत ट्रान्सफॉर्मर असतोच असं नाही. बऱ्याच पेट्यांत ऑप-अँप नावाची आठ पायांची चिप असते आणि ती सॉकेटमध्ये बसवलेली असेल तर अदलाबदल दोन मिनिटांची. टीएल०७२ काढून एनई५५३२ टाकली की खरखर कमी होते, असं सांगतात. कागदावर ते खरंच आहे: पहिलीचा खरखरीचा आकडा १८, दुसरीचा ५. पण चिप कोणत्या टप्प्यावर आहे, हे कुणी सांगत नाही. पहिल्या टप्प्याने आवाज शंभरपट केला असेल, तर दुसऱ्या टप्प्याची खरखर त्याच्यासमोर शंभरपट छोटी. तिथली चिप बदलणं म्हणजे पैसे वाया. शिवाय जास्त वेगवान चिप जुन्या बोर्डावर कधी कधी स्वतःच थरथरू लागते. ती थरथर कानाला ऐकू येत नाही, फक्त आवाज विचित्रपणे खरबरीत होतो आणि चिप तापते. बाजारात नकली चिपही खूप आहेत. स्वस्तात मिळाली म्हणून आनंद होण्याआधी अधिकृत वितरकाचा भाव पाहावा.

व्हॉल्व्हच्या, म्हणजे जुन्या रेडिओंतल्या काचेच्या नळीच्या, स्वस्त पेट्यांची तऱ्हा तर वेगळीच. समोर काच, काचेत १२एएक्स७ ची लाल चमक. हा व्हॉल्व्ह दोन-अडीचशे व्होल्टवर मोकळा श्वास घेतो. स्वस्त पेट्यांत त्याला अनेकदा काही दहा व्होल्टांवर उपाशी ठेवलेलं असतं आणि खरी वाढ मागची चिप करते. अशा पेटीत महागडा जुना रशियन किंवा जर्मन व्हॉल्व्ह घातल्याने फारसं काही साधत नाही. व्होल्ट वाढवण्याचे उपाय इंटरनेटवर आहेत, पण ते करू नका, असं मी स्पष्ट सांगेन. दोन-तीनशे व्होल्ट डीसी माणसाला ठार करू शकतात, आणि पेटी बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये ते साठून राहतात.

## ‘पण मला फरक स्पष्ट ऐकू येतो’

हा आक्षेप सर्वांत जास्त वेळा येतो आणि तो खोटेपणातून येत नाही. अर्धा डेसिबल मोठा आवाज कानाला मोठा वाटत नाही, चांगला वाटतो. भाग बदलल्यावर पातळी अनेकदा थोडीशी वाढलेली असते. त्यात पैसे गेलेले, रात्र जागलेली. मन निकाल आधीच लावून बसतं.

यावर एक उपाय आहे. पेटीला हात लावण्यापूर्वी स्वच्छ ध्वनिमुद्रित केलेला एखादा आवाज संगणकातून बाहेर काढा, ४० डेसिबल उतरवणाऱ्या पॅडमधून पेटीत सोडा आणि पुन्हा मुद्रित करा. बटणांच्या जागा लिहून ठेवा. फेरफारानंतर तीच फाइल, तीच बटणं. मग संगणकावर दोन्हींची पातळी ०.१ डेसिबलपर्यंत जुळवा आणि घरातल्या कुणाला तरी नावं बदलून फाइली द्यायला सांगा. दहापैकी नऊ वेळा ओळखता आलं, तर फरक आहे. पाच वेळा आलं, तर नाणं उडवूनही तेवढंच आलं असतं. माणूस दरवेळी बोलून मुद्रित केलं तर ही तुलना होत नाही, कारण माणूस दोनदा सारखं बोलत नाही.

## ‘मग प्लगइनच का नको?’

प्रश्न रास्त आहे. १०७३ ची संगणकातच नक्कल करणारे छोटे प्रोग्रॅम, म्हणजे प्लगइन, आता फार चांगले आहेत, आणि त्यांचा मळ नंतर पुसता येतो. लोखंडातून गेलेला आवाज मात्र कायमचा गेला. एकट्याने पॉडकास्ट करणाऱ्याला प्लगइन पुरेसा आहे, असं माझं मत.

पेटी जिंकते ती दोन बाबतींत. एसएम ५८ सारखा डायनॅमिक माइक आणि त्याच्या समोरचा भार यांचं नातं विजेचं आहे. १०७३ च्या इनपुटला ३०० आणि १२०० ओहम असे दोन पर्याय असतात आणि खटका पाडला की काही माइकचा स्वभाव खरोखर बदलतो. साधा प्लगइन हे मुद्रणानंतर करू शकत नाही. युनिव्हर्सल ऑडिओच्या अपोलोसारखे इंटरफेस हा भार आतल्या आत बदलतात, पण ते स्वस्त नाहीत. दुसरी बाब गायकाची. गाताना कानात आधीच भरीव आवाज आला, तर माणूस वेगळं गातो. हे मोजता येत नाही, पण गाणाऱ्या कुणालाही विचारा.

## सोल्डर मारायचंच असेल तर

२४ व्होल्टच्या बाहेरच्या अडॅप्टरवर चालणारी पेटी शिकायला सुरक्षित आहे. प्री-७३ तशी आहे. फक्त तिचा अडॅप्टर २४ व्होल्ट एसीचा असतो. तो बिघडला म्हणून दुकानातून डीसीचा आणून लावू नका. ज्या पेटीत २३० व्होल्टची वायर थेट शिरते, ती अनुभवी माणसाकडे द्या.

स्वस्त बोर्डावरची तांब्याची पट्टी नाजूक असते. जुना भाग ओढून काढला की पट्टी उचकटते, आणि एका कंडेन्सरपायी सगळी पेटी बाद होते. आधी भागाचे पाय कापून टाका, मग एकेक पाय गरम करून काढा, भोक पंपाने साफ करा. टँटलम उलटा बसवला तर तो पेट घेऊ शकतो, म्हणून काढण्यापूर्वी मोबाइलवर फोटो घ्या. एका वेळी एकच बदल करायचा आणि प्रत्येक बदलानंतर तीच चाचणी फाइल वाजवायची. चार भाग एकदम बदलले तर कशाने काय झालं ते कळत नाही, आणि बिघडलं तर शोधायचं कुठे तेही कळत नाही.

काढलेले ट्रान्सफॉर्मर फेकू नका. प्रत्येक तारेच्या रंगाची चिठ्ठी बांधून डब्यात ठेवा. सेकंडहँड बाजारात फेरफार केलेल्या पेटीकडे गिऱ्हाईक संशयाने पाहतं. मूळ भाग सोबत दिले तर भाव टिकतो, आणि कार्नहिलचा संच काढून वेगळा विकायची वाटही मोकळी राहते.